आंब्याचा चीक आणि फळमाशी

देठ तुटताच उडणारा चीक सालीवर ओघळला की डाग पडतो आणि फळाचा भाव उतरतो. म्हणून चिकाकडे आपण उपद्रव म्हणूनच पाहतो. परंतु झाडाच्या दृष्टीने चीक हे फळाचे संरक्षण आहे.

आंब्याच्या सालीत चिकाच्या बारीक नलिकांचे जाळे असते. चिकात टर्पिन वर्गातील उग्र वासाची तैलद्रव्ये व रिसॉर्सिनॉल ही द्रव्ये असतात. फळमाशीची मादी सालीत नळी खुपसून अंडी घालते. फळ कच्चे असेल तर नलिका फुटून चीक वाहतो व तो अंड्यांना आणि कोवळ्या अळ्यांना मारक ठरतो. फळ पिकू लागले की चिकाचा जोर ओसरतो व साल मऊ पडते. माशी हीच वेळ साधते. अळी गरात शिरल्यावर बाहेरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

या किडीचे मोल मोठे आहे. मालात फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबविली होती. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीस उठली.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१) फळे झाडावर पिकू देऊ नयेत. चौदा आणे तयार होताच नूतन झेल्याने देठासह काढावीत. देठ राहिल्याने चिकाचे डागही टळतात.

२) गळालेली व किडकी फळे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत. अशा फळांतील अळ्या जमिनीत शिरून कोषात जातात व त्यातून नव्या माश्या निघतात.

३) फळे पक्व होण्यापूर्वीच मिथाईल युजेनॉलचे रक्षक सापळे हेक्टरी ४ या प्रमाणात टांगावेत. तुळशीतही आढळणाऱ्या या द्रव्याकडे नर माश्या खेचल्या जातात व माद्यांचे मीलन टळते. मात्र मादी सापळ्यात येत नाही, म्हणून बागेची स्वच्छता टाळून चालणार नाही.

माशी बांध ओळखत नाही. तेव्हा शेजारच्या बागायतदारांनीही एकाच वेळी सापळे लावल्यास अधिक लाभ होईल.