या घराचे नंतरचे वैभव

शास्त्रपाठ : हाग्गय २:१-९, एज्रा ३:१०-१३

बंगळुरू शहरात महात्मा गांधी रस्त्याच्या टोकाशी सेंट मार्क्स कॅथीड्रल उभे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करासाठी १८०८ साली या मंदिराची पायाभरणी झाली. १८१२ साली ते बांधून पूर्ण झाले आणि १८१६ साली कलकत्त्याच्या बिशपांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. पुढे १९२३ साली लागलेल्या भीषण आगीत ते उद्ध्वस्त झाले, व १९२७ साली पुन्हा उभे राहिले. आज आपण पाहतो ते हे पुन्हा उभारलेले मंदिर होय.

त्याची घडण लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या धर्तीवर केलेली आहे. विशेष असे की, ते सेंट पॉल्सदेखील राखेतूनच उठलेले आहे.

त्या जागी इ. स. ६०४ पासून प्रभूची उपासना होत आली आहे. २ सप्टेंबर १६६६ रोजी, रविवारी पहाटे, लंडनमधील एका पाववाल्याच्या भट्टीतून आग पसरली. चार दिवसांत तेरा हजारांहून अधिक घरे आणि ८७ मंडळ्यांची मंदिरे तिने गिळली. ४ तारखेला ती सेंट पॉल्सपर्यंत पोहोचली. दुरुस्तीसाठी बांधलेल्या लाकडी पराती पेटल्या, छपरावरचे शिसे वितळून रस्त्यांतून वाहू लागले. पुस्तकविक्रेत्यांनी सुरक्षित म्हणून तळघरात ठेवलेले ग्रंथही भस्म झाले. त्यानंतर सर ख्रिस्तोफर रेन यांच्या आराखड्याप्रमाणे १६७५ साली बांधकामास आरंभ झाला. १६९७ साली पहिली उपासना झाली आणि १७११ साली काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. खर्चाचा मोठा भाग दगडी कोळशावरील करातून भागवण्यात आला.

या दोन मंदिरांचा इतिहास वाचताना मनात एक प्रश्न उभा राहतो. जळालेल्या जागी पुन्हा बांधलेले मंदिर हे तेच मंदिर की दुसरेच? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०२३ साली मणिपूरमधील हिंसाचारात अनेक उपासनामंदिरे जळाली. तेथील बंधुभगिनींच्या पाठीशी कोळशाचा कर नाही, की रेनसारखा वास्तुशिल्पी नाही. जेथे आपला बाप्तिस्मा झाला, जेथून आईवडिलांची अंत्ययात्रा निघाली, ते मंदिर ज्यांनी गमावले, त्यांना आपण काय सांगावे? “दुसरे बांधता येईल,” हे खरे असले तरी त्याने जखम भरत नाही. पवित्र शास्त्र याहून अधिक काही सांगते.

१. रडणाऱ्यांना दटावलेले नाही

शलमोनाने बांधलेले मंदिर इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने जाळले (२ राजे २५:९). बंदिवासातून परतलेल्या लोकांनी नव्याने पाया घातला तेव्हा तरुणांनी हर्षाने आरोळ्या मारल्या. ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मात्र मोठ्याने रडले. कोणता आवाज आनंदाचा व कोणता शोकाचा हे ओळखू येईना, असे एज्रा नमूद करतो. त्यानंतर काम रखडले. इ. स. पूर्व ५२० मध्ये, दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, हाग्गय संदेष्टा बोलू लागला.

त्याने वृद्धांची दुखरी जागा टाळली नाही. पूर्वीचे वैभव पाहिलेला तुमच्यात कोण उरला आहे, आणि आताचे हे काम तुम्हांला अगदीच शून्यवत वाटत नाही काय, असे त्याने स्वतःच विचारले (वचन ३). देवाचा संदेष्टा शोकाला अविश्वास म्हणत नाही. तो त्याला नाव देतो, आणि मगच धैर्य धरून कामाला लागण्यास सांगतो.

२. एका विशेषणाचा पेच

नवव्या वचनात अनुवादकाला थांबावे लागते. हिब्रू वाक्यात “नंतरचे” हे विशेषण बरेच पुढे, “हे घर” या शब्दांच्या मागून येते. ते घराचे विशेषण आहे की वैभवाचे? दोन्ही नामे एकाच लिंगाची व एकवचनी असल्यामुळे केवळ व्याकरणाच्या रूपावरून निर्णय होत नाही. मराठीत विशेषण नामाच्या आधी येत असल्याने आपल्याला निवड करावीच लागते. “या नंतरच्या घराचे वैभव” असे लिहावे, की “या घराचे नंतरचे वैभव” असे?

पहिला अर्थ घेतला तर घरे दोन होतात, एक जळालेले आणि एक नवे. दुसरा अर्थ घेतला तर घर एकच राहते व वैभव मात्र दोन काळांचे होते. हिब्रूतील शब्दक्रम दुसऱ्या अर्थाकडे झुकतो, आणि तिसरे वचन त्याला बळकटी देते. तेथे हाग्गय वृद्धांना “ते घर” म्हणत नाही. त्यांनी “हेच घर” त्याच्या पहिल्या वैभवात पाहिले होते, असे तो म्हणतो. मधल्या सहासष्ट वर्षांत तेथे दगडांचे ढीग आणि रानगवत होते, तरीही देवाच्या लेखी ते घर दुसरे झाले नाही.

३. उभे काय राहिले?

घर एकच राहिले ते कशामुळे? भिंती तर पडल्या होत्या, सोने लुटून नेले होते. याचे उत्तर पाचव्या वचनात आहे. परमेश्वर म्हणतो की, मिसर देशातून निघताना केलेल्या करारानुसार माझा आत्मा तुमच्यामध्ये आहे. येथे “आहे” या अर्थी आलेल्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ “उभा आहे” असा होतो. ज्या जागी एक भिंतही धड उभी नव्हती, तेथे देवाचा आत्मा उभा होता, आणि तो दगडांमध्ये नव्हे तर लोकांमध्ये उभा होता.

म्हणूनच नंतरचे वैभव हे पहिल्याची नक्कल असावे लागत नाही. रेन यांनी जुने सेंट पॉल्स जसेच्या तसे उभारले नाही. त्यांनी त्या जागी घुमट चढवला. बांधकामाच्या वेळी घुमटाच्या मध्यबिंदूची खूण करण्यासाठी एका कामगाराने ढिगाऱ्यातून सहज एक दगड उचलून आणला. तो फुटलेल्या थडग्याचा तुकडा होता आणि त्यावर “मी पुन्हा उठेन” या अर्थाचा एकच लॅटिन शब्द होता, अशी आठवण सांगितली जाते. तोच शब्द आज दक्षिण द्वाराच्या वर कोरलेला दिसतो.

बंगळुरूचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. परक्या सत्तेच्या लष्करासाठी बांधलेले ते मंदिर पुनर्बांधणीनंतर वीस वर्षांनी, १९४७ साली, निरनिराळ्या पंथांच्या ऐक्यातून निर्माण झालेल्या दक्षिण भारत मंडळीत आले. आज ते तिच्या कर्नाटक मध्य धर्मप्रांताचे मुख्य मंदिर आहे. १९२३ च्या राखेजवळ उभ्या असलेल्या कोणाला हे नंतरचे वैभव दिसले असते काय? ते घुमटाच्या उंचीत नव्हते, आत गुडघे टेकणाऱ्यांमध्ये होते.

४. ख्रिस्तात पूर्तता

यरुशलेमेतील ते दुसरे मंदिरही इ. स. ७० मध्ये जळाले, हे आपण विसरू नये. मग हाग्गयचे वचन व्यर्थ गेले काय? नाही. त्याच मंदिरात मरीया व योसेफ यांनी बाळ येशूला आणले, आणि शिमोन व हन्ना या वृद्धांनी त्याला पाहिले (लूक २:२२-३८). एज्राच्या काळचे वृद्ध गेलेल्या वैभवासाठी रडले होते. हे वृद्ध आलेले वैभव पाहून देवाचा धन्यवाद करू लागले. पुढे प्रभूने आपल्या शरीरालाच मंदिर म्हटले (योहान २:१९-२१), आणि ते मंदिर तिसऱ्या दिवशी उठले. त्याला आता कोणतीही आग शिवू शकत नाही.

तेव्हा मंदिर गमावलेल्या मंडळीला आपण धीर देऊन सांगू शकतो : रडा, कारण ते रडण्याजोगेच आहे. पण तुमचे घर संपले असे म्हणू नका. तुम्ही एखाद्या अंगणात, मंडपात किंवा झाडाखाली जमता तेव्हाही ते तेच घर आहे, कारण जो तुमच्यामध्ये उभा आहे तो बदललेला नाही. आणि ज्यांची मंदिरे सुरक्षित आहेत अशा आपण सर्वांनी त्यांच्या भिंतींसाठी हातभार लावावा, कारण हाग्गयने सांत्वनाबरोबर कामाचीही आज्ञा दिली आहे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत जुन्या दिवसांसाठी हळहळणाऱ्या वृद्धांचे आपण ऐकून घेतो काय?

२. आपले मंदिर उद्या नाहीसे झाले, तर आपल्या मंडळीचे काय उभे राहील?

३. ज्यांचे उपासनामंदिर नष्ट झाले आहे अशा एखाद्या मंडळीसाठी आपण या महिन्यात काय करू शकतो?