फेरीचा वेळ : वेग कमी करण्याचे गणित

दुधनी स्थानकाच्या फलाटावर उभे राहून सोलापूरकडून किंवा कलबुर्गीकडून येणाऱ्या गाडीची वाट आपण सर्वांनीच पाहिली आहे. गाडी नजरेस पडते तेव्हाच तिचा वेग मंदावू लागलेला असतो. थांबायचे असते फलाटावर, पण ब्रेक लावावा लागतो कितीतरी आधी. तो नेमका कोठे लावायचा हे गाडीचा वेग, तिचे वजन आणि मार्गाचा चढउतार यांवर ठरते. वेळापत्रक करणाऱ्यालाही हे सारे आधीच जमेस धरावे लागते. अंतराला कमाल वेगाने भागून त्याचे भागत नाही.

हाच हिशोब अधिक काटेकोरपणे मांडला की मोटार-शर्यतीचे एक मनोरंजक शास्त्र तयार होते. गाडी प्रत्यक्ष ट्रॅकवर न उतरवता तिला एका फेरीस किती वेळ लागेल हे आधीच काढायचे, असे या शास्त्राचे स्वरूप आहे. आज हे काम संगणक करतो. परंतु त्यामागील विचार समजण्यास शालेय गणित पुरेसे आहे. तेव्हा कलाशाखेच्या वाचकांनी आकडे पाहून पान उलटू नये, अशी सुरुवातीलाच विनंती आहे.

सरासरीचा चकवा

भारतात फॉर्म्युला वनची शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर झाली. या ट्रॅकची लांबी ५.१२५ किलोमीटर असून त्यात १६ वळणे आहेत. २०११ साली सेबास्टियन व्हेटेल याने पात्रता फेरीत १ मिनिट २४.१७८ सेकंदांत एक फेरी पूर्ण केली. हिशोब केला तर सरासरी वेग ताशी सुमारे २१९ किलोमीटर येतो. सरळ मार्गावर या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातात. मग उरलेला वेग गेला कोठे? तो वळणांनी खाल्ला.

वीस किलोमीटरचा रस्ता घ्या. पहिले दहा किलोमीटर ताशी ३० च्या वेगाने आणि पुढचे दहा ताशी ९० च्या वेगाने कापले, तर सरासरी किती? पुष्कळजण ६० म्हणतील. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यास २० मिनिटे आणि दुसऱ्यास ६ मिनिटे ४० सेकंद लागतात. सरासरी येते ४५. संथ टप्पा घड्याळावर अधिक काळ बसतो, म्हणून त्याचे वजन जास्त. शर्यतीच्या फेरीचे मर्म येथेच आहे.

कागदावरचा ट्रॅक

आता आपणच एक लहानसा ट्रॅक आखू. ४८० मीटरचे दोन सरळ मार्ग आणि त्यांना जोडणारी ४० मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे. एकूण लांबी सुमारे १२११ मीटर. ही झाली ट्रॅकची माहिती. गाडीविषयी तीन आकडे हवेत : ती दर सेकंदाला किती वेग धरते, ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला किती वेग सोडते आणि वळणावर तिचे टायर किती पकड देतात. आपली गाडी दर सेकंदाला वेगात ५ मीटर प्रति सेकंदाची भर घालते, ब्रेकने १० ची घट करते आणि वळणावरही टायरची पकड १० चाच भार सोसते, असे मानू.

प्रथम वळण सोडवायचे. वळणावरील वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या ही संख्या टायरच्या पकडीपेक्षा जास्त होता कामा नये. १० गुणिले ४० म्हणजे ४००. त्याचे वर्गमूळ २०. म्हणजे वळण सेकंदाला २० मीटर, अर्थात ताशी ७२ किलोमीटर, याहून अधिक वेगाने घेता येणार नाही. अर्धवर्तुळाची लांबी १२५.७ मीटर, त्यास ६.२८ सेकंद लागतील.

आता सरळ मार्ग. गाडी वळणातून २० च्या वेगाने बाहेर पडते आणि पुढच्या वळणाशी तिला पुन्हा २० वर यायचे असते. येथे एक युक्ती आहे. वेग वाढवण्याचा हिशोब मागच्या वळणापासून पुढे करायचा. ब्रेकचा हिशोब मात्र पुढच्या वळणापासून उलट, मागे मागे करत यायचे. हे दोन हिशोब जेथे एकमेकांस भेटतात, तेथे ब्रेक दाबायचा. आपल्या उदाहरणात ही भेट ३२० मीटरवर होते. तेथवर ८ सेकंदांत वेग २० वरून ६० मीटर, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर, होतो. उरलेल्या १६० मीटरमध्ये ४ सेकंदांत तो परत २० वर येतो. एका सरळ मार्गास १२ सेकंद. पूर्ण फेरी : दोनदा १२ आणि दोनदा ६.२८, म्हणजे सुमारे ३६.६ सेकंद. ताशी २१६ चा पल्ला गाठणाऱ्या गाडीची सरासरी भरते ताशी ११९!

खऱ्या ट्रॅकवर प्रत्येक वळणाची त्रिज्या निराळी असते. संगणक सगळा मार्ग बारीक तुकड्यांत कापतो, प्रत्येक तुकड्यासाठी हाच पुढचा आणि उलटा हिशोब करतो, आणि वळणाची मर्यादा धरून जो वेग सर्वांत कमी येईल तोच खरा मानतो. तत्त्व तेच, केवळ आकडेमोड अफाट.

काय सुधारावे?

या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की पैसे खर्च करण्यापूर्वी प्रश्न विचारता येतो. आपल्या गाडीचे वेग धरण्याचे सामर्थ्य दहा टक्के वाढवले, तर फेरीत अर्धा सेकंद वाचतो. केवळ ब्रेकची क्षमता दहा टक्के वाढवली, तर पाव सेकंद. पण टायरची पकड दहा टक्के वाढली, तर वळण आणि ब्रेक दोन्ही सुधारतात आणि १.२ सेकंद वाचतात. इंजिनाची गर्जना कानाला ऐकू येते. टायर बिचारे मुकाट्याने काम करतात. हिशोब मात्र त्यांच्या बाजूने कौल देतो.

आता चालकाकडे वळू. त्याने भीतीपोटी २० मीटर आधी, म्हणजे ३०० मीटरवर, ब्रेक दाबला तर? वळणाच्या ३० मीटर अलीकडेच त्याचा वेग २० वर येतो आणि तेवढे अंतर तो रखडत जातो. नुकसान सुमारे एक सेकंद. उलट त्याने २० मीटर उशिरा ब्रेक दाबला तर वळणाच्या तोंडाशी वेग उरतो सेकंदाला ३१.६ मीटर, म्हणजे ताशी ११४ किलोमीटर. वळण सोसते केवळ ७२. गाडी ट्रॅकबाहेर. दोन्ही चुका वीस-वीस मीटरच्याच; पण एकीची किंमत एक सेकंद आणि दुसरीची सगळी शर्यत, कदाचित प्राणही. कुशल चालक या दोहोंमधील अरुंद पट्टीवर फेरीमागून फेरी गाडी चालवतो.

हिशोब आणि वास्तव

आपले उदाहरण सोपे केलेले आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेग वाढेल तसा हवेचा विरोध वाढतो, म्हणून गाडी सर्वकाळ सारख्याच जोमाने वेग धरत नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीला तिच्या पंखांमुळे हवाच जमिनीकडे दाबते. त्यामुळे मोठ्या वेगात तिचा ब्रेक आपल्या गाडीच्या चौपटीहून अधिक प्रभावी ठरतो. शिवाय टायरची पकड ही एकच थैली आहे. ती ब्रेकसाठी खर्च केली तर वळण्यासाठी कमी उरते. टायर तापतात, झिजतात. इंधन संपत जाते तशी गाडी हलकी होते.

म्हणून मोजमापाला महत्त्व येते. गाडीतील यंत्रे वेग, ब्रेकवरील दाब, सुकाणूचा कोन यांची क्षणोक्षणी नोंद करतात आणि ती नोंद संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहतात. दोन्ही रेषा जेथे जुळत नाहीत तेथेच शिकण्यासारखे असते. एकतर आपले गृहीत चुकलेले असते, नाहीतर चालक काहीतरी हातचे राखत असतो. सिद्धांत आणि निरीक्षण यांतील ही तफावत अर्थशास्त्र वा भूगोलाच्या अभ्यासकालाही परकी नाही. पिकाचा अंदाज आणि बाजारात प्रत्यक्ष आलेली तूर यांत फरक पडला, तर दोष तुरीला देऊन चालत नाही. अंदाज पुन्हा तपासावा लागतो.

आपल्या रस्त्यावर

शेवटी थोडे आपल्याविषयी. दुधनीत शर्यतीचा ट्रॅक नाही. परंतु अक्कलकोटच्या रस्त्यावर मोटारसायकली आहेत आणि त्या चालवणारे आपल्यातलेच आहेत. समोर अचानक बैलगाडी आली असे समजा. ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत एक सेकंद जातो, आणि ब्रेक दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद वेग घटवतो असे धरू. ताशी ४० ने जाणारा सुमारे २१ मीटरमध्ये थांबतो. ताशी ८० ने जाणाऱ्यास सुमारे ६३ मीटर लागतात. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, पहिला जेथे पूर्ण थांबलेला असतो, तेथे पोहोचेपर्यंत दुसऱ्याने अजून ब्रेकच दाबलेला नसतो!

शर्यतीच्या चालकाला आपण बेदरकार समजतो. प्रत्यक्षात पुढचे वळण किती वेग सोसेल याचा हिशोब तो आधी करतो आणि मगच वेग धरतो. त्याच्या ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही, गुरे येत नाहीत, शाळेतून सुटलेली मुले येत नाहीत. तरीही तो इतका सावध असतो. आपल्या रस्त्यावर हे सारे असते. तेव्हा त्याच्याकडून घ्यायचेच असेल तर त्याचा वेग घेऊ नये, त्याचा उलटा हिशोब घ्यावा : कोठे थांबायचे आहे ते आधी पाहावे आणि तेथून मागे मोजत यावे.