हरवलेला ‘न’

मावळतीच्या आकाशातील एका रंगाला मराठीत ‘नारिंगी’ म्हणतात. इंग्रजीत त्यालाच ‘ऑरेंज’ असे नाव आहे. एक शब्द घरचा, तर दुसरा परक्या मुलुखातला, असेच कोणालाही वाटेल. परंतु हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत.

त्यांचा पूर्वज म्हणजे संस्कृतातील ‘नारंग’. हे एका आंबट फळझाडाचे नाव होय. ह्या झाडाबरोबर त्याचे नावही पश्चिमेकडे निघाले. इराणात पोचल्यावर फारसी लोक त्यास ‘नारंग’च म्हणू लागले. अरबीत ‘ग’ हा उच्चार नव्हता. म्हणून तेथे ‘नारंज’ झाले. इ. स. ७११ नंतर स्पेनचा मोठा भाग अरबांच्या अमलाखाली आला. त्यांनी तेथे ह्या झाडाच्या बागा लावल्या. आजही स्पॅनिश भाषेतील ह्या फळाच्या नावात आरंभीचा ‘न’ शाबूत आहे.

मग तो हरवला कोठे? इटली व फ्रान्स ह्या देशांत! तेथील भाषांत नामापूर्वी ‘एक’ ह्या अर्थाचा छोटा शब्द येतो, आणि त्याच्या अखेरीस ‘न’ ऐकू येतो. दोन ‘न’ लागोपाठ आले, तेव्हा लोकांच्या कानांनी त्यांचा एकच केला. शिवाय फ्रेंचमध्ये सोन्याला ‘ओर’ म्हणतात. सोनेरी फळाच्या नावाचा आरंभ ‘ओ’ने होण्यास ह्या शब्दाचाही हातभार लागला असावा. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत गेला, आणि सोळाव्या शतकात फळाचे नाव रंगासही मिळाले. इंग्रजीतील ‘एप्रन’ हा शब्दही पूर्वी ‘नॅप्रन’ होता; त्याचा ‘न’ असाच मागच्या शब्दाला जाऊन चिकटला.

ही कथा कल्पित नव्हे. जुन्या लिखाणांतून शब्दाची बदलती रूपे सापडतात. त्यांवरून त्याची वाट शोधता येते. नुसत्या उच्चारसाम्यावरून शब्दांचे नाते ठरत नाही. वाटेवरचे मुक्काम दाखवावे लागतात.

तर मग ‘ऑरेंज’ शब्दाची खरी मालकी संस्कृताची म्हणावी काय? तसेही नाही. संस्कृताने तो द्राविडी भाषांपासून घेतला असावा, असे अनेक विद्वान मानतात. शब्द कोणा एकाची मिरास नसतात. जी भाषा त्यांना आपल्या अंगणात रुजू देते, तिचे ते होतात.