गाण्याची परवानगी मिळाली, आवाजाचं काय?

प्रश्न : भरपूर पैसे मिळत असूनही काही गायक जाहिरातीला गाणं देत नाहीत. असं का? आणि ते नाही म्हणाले, तर कंपनी त्यांच्यासारखा गाणारा दुसरा कुणी आणू शकते का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण अमेरिकेत तो थेट कोर्टात गेला. १९८५ साली यंग अँड रुबिकॅम या एजन्सीला फोर्डच्या मोटारींच्या जाहिरातींसाठी सत्तरच्या दशकातली गाणी हवी होती. गाणं ऐकून चांगलं कमावणाऱ्या तरुणांना कॉलेजचे दिवस आठवावेत, हा त्यामागचा हिशेब. गायिका बेट मिडलरच्या मॅनेजरने जाहिरात म्हटल्यावर फोनवरच विषय संपवला. तिने गायलेल्या गाण्याच्या हक्कदाराची परवानगी मात्र एजन्सीकडे रीतसर होती. मग मिडलरच्या मागे दहा वर्षं कोरसमध्ये गायलेल्या उला हेडविगला बोलावलं आणि रेकॉर्डसारखं हुबेहूब गायला सांगितलं. जाहिरात लागली, तेव्हा लोक मिडलरलाच सांगू लागले की आवाज अगदी तुझा वाटतो. १९८८ मध्ये अपील कोर्टाने तिच्या बाजूने कौल दिला : माल खपवण्यासाठी प्रसिद्ध गायिकेच्या आवाजाची मुद्दाम नक्कल करणं गैर आहे. पुढे तिला ४ लाख डॉलर मिळाले.

१९८८ मध्येच फ्रिटो-ले कंपनीने डोरिटोज चिप्ससाठी गायक टॉम वेट्सच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करवली. आपण जाहिराती करणार नाही, हे वेट्स उघडपणे सांगत आला होता. कंपनीने त्याच्या ज्या गाण्यावरून जाहिरात बेतली, ते तर भुलवून माल गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांचीच टर उडवणारं! ज्यूरीने आवाज चोरल्याबद्दल ३ लाख ७५ हजार डॉलर भरपाई आणि वर २० लाखांचा दंड ठोठावला. १९९२ मध्ये अपिलातही तो टिकला.

आता ‘का’. वेट्सचं म्हणणं असं की जाहिरात केली की कलावंताची सचोटी उणावते. मला ते मनापासून पटतं. ऐकणाऱ्याने त्या गाण्याशी आपलं काहीतरी बांधलेलं असतं, आणि एजन्सी विकत घेते ते नेमकं तेच.

आपल्याकडे मात्र अशा नकाराला फारसा वाव नाही. सिनेमाच्या गाण्याचे हक्क सहसा निर्मात्याकडे किंवा म्युझिक कंपनीकडे असतात, त्यामुळे परवानगीही तेच देतात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा पक्का केला, तो त्यांना कंपनीला लिहूनही देता येत नाही. पण तो हक्क पैशाचा आहे, नाही म्हणण्याचा नाही. गाण्याची मोडतोड करून कुणी त्यांच्या लौकिकाला धक्का लावला, तर याच कायद्याच्या कलम ५७ खाली दाद मागता येते, एवढंच.