वाऱ्याची वाट पाहा

कोल्हापूर

चि. सोनू हिस,


मसाई पठारावर विंड चाइम टांगून त्याचा आवाज रेकॉर्ड करायचा तुझा बेत ताईकडून कळला. फार बरं वाटलं. निघण्यापूर्वी चार गोष्टी ऐकून घे.

आधी घरीच चाइमची दोरी तपास. नळी वाजते तेव्हा टोकापासून सुमारे 22 टक्के लांबीवर ती जवळजवळ स्थिर असते. 50 सेंटिमीटरची नळी असेल तर दोरीचं भोक वरून 11 सेंटिमीटरवर हवं. दुसरीकडे बांधली तर दोरीच नाद दाबते आणि नुसता खणखणाट उरतो.

खरी अडचण पठारावर येईल. ज्या वाऱ्यानं नळ्या वाजतात, तोच माइकवर आदळून घरघर करतो. म्हणून चाइम वाऱ्यात ठेव आणि माइक आडोशाला. जमिनीलगत वाऱ्याचा जोर कमी असतो, तेव्हा बुटका स्टँड घे आणि जांभ्याच्या एखाद्या उंचवट्यामागे लाव. उघड्यावर नुसता स्पंज पुरत नाही, वरून केसाळ कव्हर चढव. लो-कट 80 हर्ट्झवर ठेव. नळ्यांचा नाद त्याच्या बराच वर असतो, त्याला धक्का लागत नाही. टोला पडताक्षणी आवाज एकदम उसळतो, म्हणून मोठ्यात मोठा टोलाही उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस.

माइक आधीच नीट लावायच्या या शिस्तीची आपल्या गावात जुनी परंपरा आहे. 1932 साली प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यापुढेच गात आणि गाणं तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित होई. माइक चुकीच्या जागी असेल तर मागाहून दुरुस्तीला वाव नव्हता. आज तुझ्या हाताशी कॉम्प्युटर आहे, तरी त्याच्या भरवशावर जाऊ नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वारा पडला म्हणून हातानं चाइम हलवू नकोस. हाताच्या टोल्यांना एक ठेका असतो आणि तो कानाला लगेच कळतो. वारा कधी एकाच नळीला शिवतो, कधी सगळ्यांना झोडपतो, कधी बराच वेळ काहीच करत नाही. तो रिकामा वेळही रेकॉर्ड होऊ दे. गवताची सळसळ, चंडोलाची शीळ, लांबच्या एखाद्या गाईच्या गळ्यातली घंटा त्यात येईल, आणि त्यामुळेच तो आवाज मसाईचा ठरेल. नुसता चाइम तर घरच्या गॅलरीतही वाजतो. एकदा दोन मीटरवरून घे, एकदा दहा मीटरवरून. दुसऱ्यात पठार जास्त येईल.

आषाढातल्या धुक्यापावसात जाऊ नकोस. दिवाळीनंतर सकाळी लवकर पोच. ऊन चढेल तसा वारा उठतो. चाइमसाठी झाडाची फांदी वाकवू नकोस, बांबूची तिवई ने. जांभ्यावरची माती बोटभर असते आणि त्यातच तिथली फुलं जगतात, तेव्हा पायवाट सोडू नकोस. पठारावरच्या देवळाजवळ चाइम लावायचा असेल तर तिथल्या माणसांना आधी विचार, आणि निघताना दोरीचा तुकडाही मागे ठेवू नकोस.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि वाऱ्याची दिशा स्वतःच्या आवाजात बोल. मला निवडक तुकडे नकोत, सलग अर्धा तास पाठव. पूर्ण ऐकून सविस्तर लिहीन.

तुझा,
मामा