मोटारघरामागे ओढली जाणारी मोटार : वंगणाचा एक प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुटीच्या दिवसांत लांबच्या प्रवासास निघणारी पुष्कळ कुटुंबे आपले घरच बरोबर घेऊन निघतात. स्वयंपाकाची जागा, बिछाने व स्नानगृह एकाच मोठ्या वाहनात बसविलेले हे चालते घर तिकडे ‘मोटरहोम’ या नावाने ओळखले जाते. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथे विनेबागो या कारखान्याने १९६६ साली अशी वाहने बांधण्यास प्रारंभ केला. हे अवजड वाहन एकदा तळावर उभे केले म्हणजे भाजीपाला आणण्यासाठी ते पुन्हा हलविणे गैरसोयीचे होते. म्हणून त्याच्यामागे एक लहान मोटार पोलादी दांड्यांनी जोडून ओढीत नेतात. गलबतामागे बांधलेल्या होडीवरून तिला ‘डिंगी’ असे नाव पडले आहे. ही डिंगी आपल्या चारही चाकांवर धावत असते. तिचे इंजिन बंद असते आणि गिअर ‘न्यूट्रल’मध्ये असतो.

न्यूट्रल म्हटले की आतील सर्व यंत्रणा स्वस्थ पडून आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत ती चुकीची आहे. अशा मोटारीत इंजिन व गिअरपेटी पुढे असतात आणि तेथून निघालेला प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागील धुऱ्यावरील डिफरन्शियलपर्यंत जातो. आपल्याकडील अॅम्बॅसडर मोटारीची (तिची निर्मिती २०१४ साली थांबली) रचना हीच होती, आणि मालमोटारीखाली वाकून पाहिल्यास हा दंड आजही सहज दृष्टीस पडतो. न्यूट्रलमुळे सुटतो तो गिअरपेटीचा इंजिनाशी असलेला संबंध. चाकांशी असलेला संबंध तसाच राहतो. चाके फिरली की डिफरन्शियल फिरते, शाफ्ट फिरतो, आणि त्याबरोबर गिअरपेटीचा मागील दंडही फिरतो.

तो किती फिरतो, याचा हिशेब सोपा आहे. टायरचा परीघ सुमारे २ मीटर धरू. ताशी ९० किलोमीटर वेगाने चाकाचे मिनिटास ७५० फेरे होतात. डिफरन्शियलमधील प्रमाण ३.५ असेल, तर शाफ्टचे २,६२५ फेरे होतील. ५०० किलोमीटरच्या एका दिवसाच्या मजलीत ही संख्या ८,७५,००० वर जाते.

फिरण्याने हानी होत नाही. हानी होते ती कोरडे फिरण्याने. डिफरन्शियलचेच पाहा. तेही तितकेच फिरते, परंतु त्याचे मोठे दंतचक्र तेलात बुडालेले असल्यामुळे ते स्वतःच तेल वर उडविते आणि सुरक्षित राहते. हाताने गिअर बदलावयाच्या नेहमीच्या गिअरपेटीत मात्र तेलात बुडालेला असतो तो खालचा उपदंड, आणि त्याला फिरविण्याचे काम इंजिनाकडून येणारा दंड करतो. इंजिन बंद, म्हणून उपदंड स्थिर. त्याच्याशी जुळलेली वरची दंतचक्रेही स्थिर. त्यांच्या पोटातून बाहेर जाणारा दंड मात्र गरगरत असतो, आणि त्याच्या बेअरिंगांवर तेलाचा शिडकावा करणारे कोणीच उरत नाही.

स्वयंचलित गिअरपेटीत स्थिती आणखी बिकट होते. तेथे तेल शिडकाव्याने नव्हे, तर पंपाने पोहोचविले जाते, आणि तो पंप इंजिनाला जखडलेल्या टॉर्क कन्व्हर्टरवर चालतो. इंजिन थांबले की तेल तळाच्या तबकात साचून राहते. जुन्या यंत्ररचनाकारांना याची जाणीव होती. १९३९ साली १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी पुढे आलेल्या हायड्रामॅटिक गिअरपेटीत चाकांच्या बाजूने फिरणारा दुसरा, मागील पंप बसविलेला होता. गाडी ढकलली वा ओढली तरी तो तेल फिरवीत असे. पुढे १९६० नंतरच्या दशकात खर्च व वजन वाचविण्यासाठी असे पंप बहुतेक गिअरपेट्यांतून वगळण्यात आले. बचत झाली खरी, पण तिची किंमत पुढे डिंगी ओढणाऱ्यांना मोजावी लागली.

या बिघाडाची पूर्वसूचना मिळत नाही, ही त्यातील खरी मेख आहे. ओढल्या जाणाऱ्या मोटारीत चालक नसतो. पुढच्या अवजड वाहनात बसलेल्याला मागच्या गिअरपेटीची घरघर ऐकू येत नाही. तळावर पोहोचून इंजिन सुरू केल्यावर एरवी लाल दिसणारे तेल काळपट झालेले व जळका वास मारणारे आढळते, तेव्हा बेअरिंगे व क्लचच्या तबकड्या बहुधा गेलेल्या असतात.

उपाय म्हणून पुढील चाके उचलून धरणारी दुचाकी डॉली पुष्कळजण सुचवितात. पुढील चाकांनी चालणाऱ्या मोटारीस ती योग्य आहे. येथे तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण चालक चाके मागे आहेत व ती रस्त्यावरच राहतात. गाडी उलटी फिरवून मागील चाके डॉलीवर चढविता येतात. पण मग पुढील चाके मागे येतात, ती सरळ धरण्याचा सारा भार सुकाणूच्या कुलपावर पडतो, आणि ते कुलूप त्यासाठी केलेले नसते. संपूर्ण मोटार ट्रेलरवर चढविणे सर्वांत निर्धोक खरे. मात्र ट्रेलरचे स्वतःचे वजनच ८०० ते १,००० किलोग्रॅम भरते आणि तळावर तो ठेवण्यास वेगळी जागा लागते.

उरतो तो मार्ग प्रोपेलर शाफ्ट सोडविण्याचा. आपल्याकडेही नादुरुस्त मालमोटार दूर ओढून न्यावयाची असता हेच करतात. डिफरन्शियलकडील सांध्याचे बोल्ट काढण्यापूर्वी दोन्ही भागांवर खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे शाफ्ट पुन्हा त्याच स्थितीत बसतो व तोल बिघडत नाही. सुटलेले टोक वर घट्ट बांधावे. शाफ्ट पुढून संपूर्ण बाहेर ओढल्यास गिअरपेटीच्या शेपटाकडून तेल गळते, तेथे बूच बसवावे लागते. वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी चालकाच्या आसनाजवळून ओढावयाच्या तारेने शाफ्ट सोडविणारी जोडणीही बसविता येते. काही चारचाकी-चालनाच्या गाड्यांत, उदाहरणार्थ जीप रँग्लरमध्ये, ट्रान्स्फर केसलाच वेगळे न्यूट्रल असते. त्यामुळे दोन्ही शाफ्ट गिअरपेटीपासून अलग होतात, आणि ती गाडी डिंगी म्हणून लोकप्रिय आहे.

कोणत्या मोटारीस काय मानवेल, हे अखेर तिच्या निर्मात्याच्या पुस्तिकेतच पाहावे. एकाच नावाच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही गिअरपेटी निराळी असू शकते. आणखी एक किरकोळ बाब : ज्या जुन्या मोटारींत वेगमापकाची तार गिअरपेटीच्या शेपटातून निघते, त्यांत शाफ्ट न सोडता ओढल्यास ओढलेले अंतरही मोटारीच्या खात्यावर चढत जाते.