मुरुमांच्या ट्यूबचा खरा खर्च किती? बारा आठवड्यांचा हिशेब

माझी भाची कराडला शिकते. दोन वर्षांत तिने तोंडावरच्या मुरुमांपायी सहा हजारांच्या आसपास घालवले. फेसवॉश, कडुनिंबाचा पॅक, पार्लरमधलं क्लीनअप, मैत्रिणीने सुचवलेलं सीरम, असं एकेक करत. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली एक ट्यूबही होती, साडेतीनशेच्या आतली. ती मात्र तिसऱ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये गेली. "मामा, तोंड पार सोलून निघालं, आणि फोड वाढलेच की!" एवढंच तिचं म्हणणं. पुढे डॉक्टर बदलले, तरी चिठ्ठीवर नाव आलं ते त्याच औषधाचं.

ते औषध म्हणजे रेटिनॉइड. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे मुरुमांसाठी गेलात तर चिठ्ठीवर बहुधा अडापालीन किंवा ट्रेटिनॉइन यांपैकी एक नाव असतं. ट्यूब महाग नसते. पैसे जातात ते चुकीच्या वापरात आणि अर्ध्यावर सोडण्यात. म्हणून हा हिशेब एका ट्यूबचा न मांडता बारा आठवड्यांचा मांडला आहे, कारण औषधाचा गुण दिसायला साधारण तेवढा वेळ लागतो. खालचे आकडे ढोबळ आहेत. ब्रँड आणि दुकानाप्रमाणे ते हलतात.

औषध करतं काय?

त्वचेवरच्या बारीक छिद्रांच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल साचून बूच बसतं. मुरुमाची सुरुवात तिथे होते. रेटिनॉइड ही 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं. ती बूच बसू देत नाहीत आणि सूजही कमी करतात. म्हणून ती आलेल्या फोडावर टिपका देण्यासाठी नाहीत. मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावायची असतात. ट्रेटिनॉइन मुरुमांवर वापरात येऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. अडापालीन त्यानंतरचं, त्वचेला तुलनेने सोसणारं.

टक्केवारीने फसू नका. ०.१ टक्के अडापालीन हे ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनच्या चौपट कडक नसतं. औषधं वेगळी आहेत. मुरुमांवरचा त्यांचा गुण जवळपास सारखा आणि आग अडापालीनची कमी. दुकानात "जरा स्ट्राँगवाली द्या" म्हणू नये ते यासाठी.

डॉक्टर: कुठे जायचं, किती लागतात?

खासगी त्वचारोगतज्ज्ञांची पहिली तपासणी सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत साधारण ३०० ते ७०० रुपयांत होते. फेरतपासणीला काही ठिकाणी निम्मे घेतात, काही ठिकाणी ठरावीक दिवसांत आलात तर काहीच घेत नाहीत. नंबर लावतानाच हे विचारून घ्या.

पाटीवरची पदवी वाचा. त्वचाविकारातली एमडी, डीएनबी किंवा पदविका असेल तर ते त्वचारोगतज्ज्ञ. नुसतं 'स्किन अँड हेअर क्लिनिक' किंवा 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढ्यावरून काही कळत नाही.

सरकारी वाट स्वस्त आहे आणि आपल्या भागात ती चांगली उपलब्ध आहे. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्याच्याशी जोडलेलं. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय पूर्वीपासून आहेच. याशिवाय कराडला कृष्णा आणि सांगलीला भारती ही खासगी महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरचे किरकोळ पैसे पडू शकतात. त्वचेची ओपीडी कोणत्या वारी, कोणत्या इमारतीत, हे आधी विचारा, नाहीतर जतहून किंवा पाटणहून येऊन हेलपाटा होतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढा प्रवासखर्च कमी धरा.

एक छोटी अडचण. सरकारी दवाखान्यात पाटी असते 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. ती वाचून कॉलेजच्या मुली दारातून परत फिरतात. विभाग एकच असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सोबत आई किंवा मैत्रीण न्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड इथे चालेल का, असं बरेच जण विचारतात. ती योजना रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी आहे, मुरुमांच्या ओपीडीसाठी नाही.

ट्यूबची किंमत

- अडापालीन ०.१ टक्के जेल, १५ ग्रॅम: साधारण २०० ते ४५० रुपये.
- ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम, २० ग्रॅम: साधारण १५० ते ३५० रुपये. ०.०५ टक्के थोडं वर. 'मायक्रो' प्रकारची जेल आणखी महाग.
- अडापालीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र, १५ ग्रॅम: साधारण ३०० ते ५५० रुपये.
- अडापालीन आणि क्लिंडामायसिन एकत्र, १५ ग्रॅम: साधारण २०० ते ४५० रुपये. यात अँटिबायोटिक आहे, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुढे वापरू नका.

बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब असेल तर आणखी एक खर्च लक्षात ठेवा. त्याने कापडाचा रंग उडतो. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा वापरा. रंगीत ओढणी जपा.

बहुतेक औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. छापील किंमतीत कर धरलेला असतो, त्यामुळे त्यावर वेगळा कर कोणी लावू शकत नाही. छापील किंमत तपासायला सरकारचं 'फार्मा सही दाम' ॲप आहे. जनऔषधी केंद्रात औषध ब्रँडच्या नावाने नाही, मूळ नावाने मागा. तिथे ते मिळालं तर किंमत निम्म्याच्याही खाली येऊ शकते. 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र आणि दर दिसतो.

ट्यूबसोबतचा खर्च

खरी गंमत इथे आहे. रेटिनॉइड सुरू झालं की त्वचा कोरडी पडते आणि उन्हाला लवकर लाल होते. म्हणून मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन हे उपचाराचेच भाग आहेत.

मॉइश्चरायझर साधं, बिनवासाचं घ्या. १०० ग्रॅम १५० ते ४०० रुपयांत मिळतं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं; ५० ग्रॅमला ३०० ते ७०० रुपये. चेहऱ्याला रोज एक ग्रॅम धरलं तर ती ५० दिवस जाते, म्हणजे बारा आठवड्यांत दोन लागतात. तासगावकडे द्राक्षबागेत विरळणीला जाणारी मुलगी असो की भरतीसाठी मैदानावर घाम गाळणारा साताऱ्याचा पोरगा, दोघांनाही सनस्क्रीन पुन्हा लावावी लागते. हे परवडत नसेल तर रुंद काठाची टोपी, स्टोल, सावली यांवर भर द्या. ते फुकट आहे आणि चालतं.

एक ट्यूब किती दिवस जाते?

संपूर्ण चेहऱ्याला एका वेळी वाटाण्याएवढं औषध पुरतं, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. पहिले चार आठवडे रात्रीआड लावलं तर १४ वेळा, पुढचे आठ आठवडे रोज रात्री लावलं तर ५६ वेळा. एकूण ७० वेळा, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. १५ ग्रॅमची एक ट्यूब संपते आणि दुसरीतलं थोडं लागतं. तुमची ट्यूब तीन आठवड्यांत संपत असेल तर तुम्ही दुप्पट-तिप्पट लावताय. त्याने मुरूम लवकर जात नाहीत, कातडी मात्र सोलते.

लावायची रीत अशी: रात्री तोंड सौम्य फेसवॉशने धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या, दहा-वीस मिनिटं थांबा. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी इथे टिपके देऊन पसरा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडा. वरून मॉइश्चरायझर. फार आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध.

बारा आठवड्यांचा हिशेब

खासगी वाट: तपासणी ५००, फेरतपासणी ३००, दोन ट्यूब ८००, मॉइश्चरायझर ३००, फेसवॉश २५०, दोन सनस्क्रीन १,०००. एकूण ३,१५० रुपये. ८४ दिवसांनी भागलं तर दिवसाला साडेसदतीस.

सरकारी वाट, साध्या वस्तू: दोन ट्यूब ७००, मॉइश्चरायझर २००, दोन सनस्क्रीन ७००. एकूण १,६०० रुपये. केसपेपर आणि एसटी वेगळं. दिवसाला १९ रुपये. जनऔषधीतून ट्यूब मिळाली तर त्याहून कमी.

पैसे कुठे बुडतात?

पहिलं, घाईने सोडणं. पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे दिसू शकतात. आत दबलेले वर येतात. कोरडेपणा आणि सौम्य आगही याच काळातली. हे डॉक्टरांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. मात्र चेहरा सुजला, पाणी सुटलं किंवा आग सोसेना तर औषध थांबवून दवाखाना गाठा.

दुसरं, सगळं एकदम. स्क्रब, लिंबू, सॅलिसिलिक फेसवॉश, व्हिटॅमिन सी सीरम आणि वर रेटिनॉइड. आपली सांगलीची हळद बाजारात नावाजलेली आहे, पण सोलवटलेल्या गालावर हळद-लिंबाचा लेप नको. दुकानातलं रेटिनॉल सीरम हे सौंदर्यप्रसाधन आहे. ५०० ते १,५०० रुपये देऊनही ते या औषधाची जागा घेत नाही.

तिसरं, लग्नसराई. औषध चालू असताना चेहऱ्यावर वॅक्स केलं तर कातडीच निघते. आठवडाभर आधी औषध थांबवायचं का, हळदीच्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला.

चौथं आणि सगळ्यात महाग, 'गोरं करणारी' ट्यूब. काही क्रीममध्ये ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असतं. ती मुरुमांची औषधं नाहीत. आठवड्यात चेहरा उजळ दिसतो, म्हणून लोक महिनोन्‌महिने लावतात आणि मग चेहरा लाल, पातळ होतो, केस उगवतात, मुरूम दुपटीने फुटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली ती अशा वापरामुळेच. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं आणि तुम्ही मुरुमांसाठी गेला असाल, तर ती परत करा.

यांनी हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये

गरोदर असाल, दिवस राहण्याचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे आधी सांगा; गरोदरपणात रेटिनॉइड टाळतात. नुकतं लग्न झालेल्या मुलींनी संकोच न करता हे बोलावं. एक्झिमा असेल, चेहऱ्यावर जखम असेल तरीही सांगा. खोल गाठी आणि खड्डे पडणारे मुरूम नुसत्या ट्यूबने आटोक्यात येत नाहीत. तिथे लवकर जाण्यातच पैसा आणि चेहरा दोन्ही वाचतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या हा वेगळा, कडक देखरेखीचा उपचार आहे. गरोदरपणात त्याने बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी कधीही घेऊ नका.

दुकानातून बाहेर पडण्याआधी

चिठ्ठीवरचं मूळ नाव आणि टक्केवारी ट्यूबशी जुळवा. मुदत पाहा. बिल घ्या. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची ट्यूब हातात टेकवली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या मोफत क्रमांकावर कळवा; छापील किंमतीपेक्षा जास्त घेतलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

भाचीने दुसऱ्यांदा सुरुवात केली ती रात्रीआड, वाटाण्याएवढी, वर मॉइश्चरायझर लावून. तिसऱ्या महिन्यात नवे फोड येणं जवळजवळ थांबलं. जुने डाग अजून आहेत, ते जायला वेळ लागेल. या खेपेचा खर्च तीन हजारांच्या थोडा वर गेला. आधीच्या सहा हजारांतला एक रुपयाही परत आलेला नाही.